दाजींचा चौथा खिळा

दाजी खवणेकरांकडे जायचं तर आधी दार उचलावं लागे. उघडायचं नाही, उचलायचं. दोन्ही हातांनी धरून, जरा डावीकडे झुकवून चौकटीतून सोडवायचं, भिंतीला टेकवायचं, आत जायचं आणि बसण्याआधी परत जागच्या जागी लावायचं. बिजागऱ्या केव्हाच निखळल्या होत्या. आमचा पोस्टमन इतका तयार झाला होता की एका हातात पत्रं आणि दुसऱ्या हातात दार धरून तो "खवणेकर" अशी हाक मारायचा. नवखा माणूस मात्र कडी वाजवायचा आणि दार त्याच्या अंगावर यायचं. मग आतून दाजींचा शांत आवाज येई, "सांभाळून. दार घेऊनच ये आत."

आम्ही परळच्या एका चाळीत वरच्या मजल्यावर राहायचो. शेवटची खोली दाजींची आणि तिला लागून आमची, म्हणजे माझी आणि माझ्या आईची. दाजी मिलच्या फोल्डिंग खात्यातून कारकून म्हणून रिटायर झालेले. बारीक अंगाचे, स्वच्छ धोतर, कानात अत्तराचा फाया. अशा नीटनेटक्या माणसाला चार खिळे मारून दार बसवायला काय होतं, हे मला कळेना. एकदा मी तसं विचारलंच.

"मुंबय गावली काय मगे बघया," दाजी म्हणाले.

म्हणजे मुंबई मिळाली की मग बघू. त्या दिवसांत मुंबई महाराष्ट्राला मिळायची होती आणि दिल्ली देत नव्हती. आमच्याकडे रोज कुठे ना कुठे मोर्चा, नाहीतर कोपऱ्यावर सभा. लोक नाना प्रतिज्ञा करत होते. कुणी दाढी वाढवली, कुणी गोड सोडलं. दाजींच्या घरची प्रतिज्ञा अशी, की मुंबई मिळेपर्यंत या घरात खिळा ठोकायचा नाही. छप्पन साली ही प्रतिज्ञा झाली तेव्हा सगळ्यांना वाटलं, चार-सहा महिन्यांचा प्रश्न आहे. पण दिल्लीला घाई नव्हती आणि दाजींचं घर काही तिच्यासाठी थांबणार नव्हतं. आधी बिजागऱ्या गेल्या. मग खिडकीचं एक झडप गेलं. मग कॉटचा एक पाय.

तुम्ही म्हणाल, विक्षिप्त माणूस, झालं. पण दाजींचा विक्षिप्तपणा कायदेशीर होता. बांधणं म्हणजे दुरुस्ती नव्हे. टेकवणं म्हणजे दुरुस्ती नव्हे. खिळा म्हणजे दुरुस्ती. त्यामुळे त्यांची सगळी खोली सुतळीने बांधलेली आणि एकमेकांना टेकवलेली होती. खिडकी कॉटला बांधली होती, कॉट खांबाला बांधली होती, आणि दाजी कुशीवर वळले की खिडकी उघडायची. आरसा भिंतीवर नव्हता, तो एका हातात धरून ते दुसऱ्या हाताने दाढी करत. चपलेचा अंगठा तुटला तेव्हा चांभाराला त्यांनी निक्षून सांगितलं, शिवायचं, ठोकायचं नाही. चांभाराने माझ्याकडे बघून डोळा मारला.

शर्टाचं बटण तुटलं तेव्हा तर आठवडाभर त्यांना झोप नव्हती. सुई म्हणजे बारीक खिळाच नाही का, असा पेच. आठव्या दिवशी सकाळी येऊन त्यांनी मला निकाल सांगितला. "सुई आत जाता आणि भायर येता. खिळो आत जाता आणि थयच रवता. म्हणान बटण चालात." मी मान डोलावली.

माझ्या आईला मात्र यातलं काही म्हणजे काही पटत नव्हतं. तिचा राग दाराबद्दल नव्हता, फोटोबद्दल होता. दाजींची बायको, सुंदराकाकी, प्रतिज्ञेनंतर वर्षभरात गेली. तापाचं निमित्त झालं आणि आठ दिवसांत सगळं आटोपलं. बाई मोठी धडाडीची होती. मोर्चात सगळ्यांत पुढे, आवाज असा की नाक्यावरच्या घोषणा आमच्या स्वयंपाकघरात ऐकू येत. एकदा पोलिसांच्या गाडीतून गेली आणि दुसऱ्या दिवशी परत आली ती येताना भाजी घेऊन आली. दाजी मात्र भित्रे. रस्त्यावर आरडाओरडा झाला की कॉटखाली जाऊन बसत. इतक्या कडक प्रतिज्ञेचा माणूस एकाही सभेला जात नाही, याचं मला नवल वाटायचं, पण आमच्या चाळीत नवल वाटण्यासारखं इतकं काही होतं की ते मागे पडलं.

तर सुंदराकाकीचा फोटो. चांगला फ्रेम करून आणलेला. तो भिंतीवर लावायला खिळा हवा, म्हणून दोन वर्षं तो जमिनीवर, तांदळाच्या डब्याला टेकून उभा होता. आई रोज भात शिजवताना पलीकडे ऐकू जाईल अशा बेताने म्हणायची, "जन्मभर राबली बिचारी, आणि मेल्यावर नवऱ्याला एक खिळा मारवत नाही. कसली मेली प्रतिज्ञा." दाजी ऐकत. भात लावायच्या वेळी फोटो हळूच बाजूला करत, डब्यातून तांदूळ घेत आणि फोटो पुन्हा टेकवून ठेवत.

एकोणसाठच्या उन्हाळ्यात मालकाचा मेहताजी आला. त्याने दार उचललं नाही, ढकललं, आणि दारासकट आत पडला. उठून धूळ झटकत म्हणाला, "ही खोली धोक्याची झालीय, खवणेकर. पुढच्या सोमवारी मालकाचा इंजिनियर येईल. त्याने धोक्याची म्हटली की खोली खाली करायची." आमच्या मालकाचा डोळा शेवटच्या खोलीवर कधीपासून होता, आणि त्याला कारण आयतंच मिळालं.

मेहताजी गेल्यावर दाजींनी आधी दार उचलून परत जागेवर लावलं. मी म्हटलं, "दाजी, आता तरी प्रतिज्ञा बाजूला ठेवा. खोली गेली तर जाणार कुठे? गावच्या घरात कुणी उरलंय का?"

"खोली जाऊन चालूची नाय," ते म्हणाले. "हीच खोली व्हयी."

"मग मारू का खिळे?"

"नाय."

"अहो, मग इंजिनियर काय बघणार, सुतळी?"

दाजी खिडकीच्या सुतळीची गाठ घट्ट करू लागले. मला त्यांचा इतका राग आला की मी त्यांचं दार परत न लावताच निघून आलो. मग जिन्यावरून मागे फिरलो आणि लावलं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात डबा खाताना मी हे सगळं बोललो आणि तिथेच चूक झाली. आमची कंपनी पंखे विकायची. मी पत्रव्यवहार विभागात. आमच्या हेडक्लार्क बर्व्यांच्या टेबलावर त्याच आठवड्यात साहेबाचा कागद आला होता, की प्रत्येक विभागाने एक रविवार श्रमदान करावं. श्रमदानाची तेव्हा फार हवा होती. विक्री विभागाने रस्ता झाडायचं ठरवलं होतं, आणि बर्व्यांना झाडूची किळस. माझं ऐकून त्यांनी डबा बंद केला, कपाटातून कोरी फाईल काढली आणि तिच्यावर सुंदर अक्षरात लिहिलं, "विषय: श्री. खवणेकर यांचे घर."

आम्ही नऊजण होतो. नऊ जणांत मिळून कुणी आयुष्यात एक खिळा मारला नव्हता. त्या दृष्टीने आमची आणि दाजींची गाठ अगदी योग्य पडली.

शनिवारी बर्वे स्वतः वाटाघाटीला आले. दार उचलून आत आले, नमस्कार केला, आणि पुढचा दीड तास मी जे ऐकलं तसं दिल्लीतही कुणी बोललं नसेल. बर्व्यांचा मुद्दा असा, की प्रतिज्ञा दाजींना लागू, कंपनीला नाही. दाजींचं म्हणणं, प्रतिज्ञा घराला लागू, मग मारणारा कुणीही असो. स्क्रू चालेल का? दाजींनी विचार करून सांगितलं, स्क्रू म्हणजे वळणं घेतलेला खिळा. बारीक लोखंडी चूक मारली तर? ती तर बिनडोक्याचा खिळा. शेवटी दाजींनी एवढं मान्य केलं की छपराची कौलं नुसती ठेवलेली असतात, त्यांना खिळा लागत नाही, तेव्हा कौलं बदलली तर चालेल. बाकी दुरुस्ती बिनखिळ्याची. बर्व्यांनी ते फाईलमध्ये नोंदवून दाजींची सही घेतली.

रविवारी सकाळी नऊजण हजर. प्रत्येकाने आपल्याला जे सामान माहीत तेच आणलं होतं. म्हणजे फायलींचे टॅग, डिंकाच्या बाटल्या, लाख, सील आणि चार रूळ. मी हातोडी आणली होती, ती दाजींनी दारातच माझ्याकडून काढून घेतली आणि आमच्या घरी परत नेऊन ठेवली.

दार फायलींच्या टॅगांनी बांधलं. एकेका बिजागरीच्या जागी वीस-वीस टॅग, गाठी पक्क्या, गाठींवर लाख आणि लाखेवर कंपनीचं सील. खिडकीच्या झडपाचंही तेच. दार खरंच उघडायला लागलं हो. बर्वे ते सहा वेळा उघडून बंद करून बघत होते आणि दर वेळी आमच्याकडे बघून मान हलवत होते. कॉटच्या पायाखाली जुनी कॅटलॉगं रचली. तोपर्यंत सगळं बरं चाललं होतं.

छपराचं काम डिस्पॅचच्या मोन्यांकडे होतं. मोने हा अतिशय शिस्तीचा माणूस. ऑफिसात बाहेरून आलेला लिफाफा जिथून आला तिथे परत जाईपर्यंत मोन्यांना चैन पडत नसे. छपरावर चढल्यावर त्यांनी पहिलं काम काय केलं, तर प्रत्येक कौलावर इनवर्डचा शिक्का मारला आणि खडूने नंबर घातला. मग सगळी कौलं उतरवली, गॅलरीत नंबरवार मांडली, पुसून स्वच्छ केली, छपराच्या पट्ट्या झाडल्या. संध्याकाळी चार वाजता त्यांनी एकूण एक कौल आपापल्या नंबरच्या जागी परत नेऊन बसवलं. फुटकीसुद्धा. फुटकी कौलं आपापल्या फुटक्या जागी, बिनचूक.

"पाणी ओतून बघा," मोने वरून म्हणाले. त्यांना शाबासकी हवी होती.

मी शिडीवरून बादली दिली. आत दाजी गळतीखाली मांडलेल्या आपल्या नेहमीच्या भांड्यांजवळ उभे होते. पाणी पडलं तसे ते एकेक सांगू लागले, "परातीत बरोबर. तांब्यात बरोबर. टोपात जरा उशिरा पडला, पण बरोबर."

बर्व्यांनी कपाळाला हात लावला. रविवारची संध्याकाळ, कौलांची दुकानं बंद, इंजिनियर उद्या सकाळी. छपरावर बसल्या बसल्या मोन्यांनी शेजारी पाहिलं. शेजारचं छप्पर आमचं होतं आणि आमची कौलं धड होती. माझ्याकडे सगळ्यांनी पाहिलं. मी आईकडे पाहिलं नाही. आई देवळात गेली होती, एवढंच माझं नशीब. अर्ध्या तासात दाजींची फुटकी कौलं आमच्या चुलीवर आणि आमची धड कौलं दाजींच्या डोक्यावर गेली. मोन्यांनी दोन्हीकडचे नंबर खोडून नवे घातले, कारण त्याशिवाय त्यांना खाली उतरवेना.

पण त्या दिवशीची खरी गोष्ट दुपारीच घडली होती. दाराच्या खालच्या कडेचं लाकूड कुजलं होतं. तिथे घालायला फळकूट शोधता शोधता बर्व्यांना दाजींच्या कॉटखाली एक फळी मिळाली. चांगली सागवानी, रंधा मारलेली, कागदात गुंडाळलेली. तिच्याबरोबर दोन छोटे लाकडी आधार. बर्वे खूश. आमच्यातला एकजण खालून करवत मागून आणून बसलासुद्धा.

दाजी ओरडले. मी त्यांचा आवाज चढलेला कधी ऐकला नव्हता. "त्या फळयेक हात लावू नको!" त्यांनी फळी हिसकावून घेतली, जमिनीवर ठेवली आणि तिच्यावर बसले. बर्वे अवघडून म्हणाले, "अहो, तुमच्याच दारासाठी..." संध्याकाळपर्यंत दाजी त्या फळीवरून उठले नाहीत. पाणी ओतून बघायच्या वेळी उठले ते फळी काखेत घेऊन, आणि काम झाल्यावर पुन्हा तिच्यावर बसले.

मी जवळ जाऊन विचारलं, "दाजी, कसली फळी आहे?"

"मुंबय गावली काय मगे बघया," ते म्हणाले, पण या वेळी त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

सोमवारी इंजिनियर आला. बर्वे अर्ध्या दिवसाची रजा टाकून हजर होते. इंजिनियर दार बघतो न बघतो तोच त्यांनी फाईल पुढे केली. तीन प्रतींत अहवाल, सोबत कौलांची नंबरवार यादी, खाली नऊ सह्या आणि शिक्का. इंजिनियर कागदातला माणूस असावा. त्याने यादी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली, वर बघून एका कौलाचा नंबर यादीशी ताडून घेतला, आणि समाधानाने म्हणाला, "असं काम हल्ली कोण करतं." मेहताजी त्याच्या कानाशी काहीतरी पुटपुटत होता. इंजिनियरने तिकडे लक्ष न देता "पाहिले, ठीक" असा शेरा मारला. दाजी तेव्हाही फळीवर बसले होते. खोली वाचली.

आईला कौलांचं कळलं ते पावसाळ्यात, आमटीत पाणी पडायला लागलं तेव्हा. ती माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी मी नवीन कौलं आणून बसवून घेतली. मात्र दाजींवरचा तिचा राग दुप्पट झाला. "आपलं छप्पर घेतलं, पण बायकोचा फोटो काही डब्याजवळून उचलला नाही."

आणि मग साठ साल उजाडलं आणि मुंबई मिळाली. मे महिन्याची पहिली सकाळ. चाळीच्या दरवाज्याला तोरण, खाली पेढे वाटत होते, गुलालाने जिना लाल झाला होता. मी पेढे घेऊन वर आलो तर आमच्या दारात दाजी उभे. धुतलेलं धोतर, अत्तराचा फाया, आणि हात पुढे केलेला.

"वसंता, तुझी हातोडी दी."

मी त्यांच्यामागून गेलो. मी थट्टेने म्हटलं, "आधी दार की आधी खिडकी, दाजी?" त्यांनी कॉटखालून ती फळी काढली. कागद सोडवला. आत आणखी एक लहान पुडी होती, तिच्यात गंज चढलेले चार खिळे.

"लग्नापासून सांगत होती," दाजी म्हणाले. बोलताना ते फळी पुसत होते. "चुलीजवळ एक फळी मारा, बरण्या ठेवूक. फळी आणली, खिळे आणले. रोज सांगायची, आणि मी रोज म्हणायचो, उद्या. एकदा मोर्चावरून आली, घसा बसलेला. परत विचारलान. मी म्हटलं, उद्या. तशी चिडली. म्हणाली, आता मुंबय गावल्याशिवाय ह्या घरात खिळो मारूचो नाय. आणि गावली काय पयलो खिळो माझ्या फळयेचो."

त्यांनी फळी भिंतीला लावून बघितली.

"माका बरां वाटला रे, वसंता. म्हटलं, सुटलो. एवढी मोठी मुंबय, काय लवकर गावता? बरीच वर्षं कटकट नाय." त्यांनी पुडीतला एक खिळा उचलला. "प्रतिज्ञा तिची होती. मी काय, मी आळशी माणूस."

चार वर्षं या माणसाची मी थट्टा केली होती आणि ऑफिसात सगळ्यांना हसवलं होतं. मी म्हटलं, "द्या, मी ठोकतो." ते म्हणाले, "नको." पहिला घाव त्यांच्या अंगठ्यावर बसला. दुसराही. मग खिळा लाकडी भिंतीत शिरला. एका आधाराला दोन खिळे झाले, दुसऱ्याला एक, आणि दाजींनी हातोडी खाली ठेवली.

"चौथा राहिला," मी म्हटलं.

दाजींनी चौथा खिळा पुन्हा पुडीत बांधला. "घोषणेत ती बेळगाव पण म्हणायची. बेळगाव खंय गावला? तो रवांदे."

फळी अर्थातच एका बाजूला कलली. दाजींनी तांदळाच्या डब्यापासून फोटो उचलला, धोतराच्या सोग्याने काच पुसली आणि फळीवर ठेवला. फोटो हळूहळू उताराकडे सरकू लागला. दाजींनी तो वर घेतला, तो पुन्हा सरकला. पुन्हा घेतला. चौथा खिळा मारा असं म्हणायचा धीर मला झाला नाही.

मागे पाहिलं तर दारात आई उभी होती. कधीची उभी होती कोण जाणे, सगळं ऐकलं असावं तिने. ती घरात गेली आणि कैरीच्या लोणच्याची बरणी घेऊन आली. दाजींच्या चुलीजवळ जाऊन तिने ती बरणी फळीच्या उतरत्या टोकाला ठेवली आणि पदराने डोळे पुसत बाजूला झाली. फोटो बरणीला टेकून उभा राहिला.

दाजी फोटोकडे बघत होते. अंगठा सुजला होता, तो त्यांनी मुठीत धरला होता.

"गावली गो," ते हळूच म्हणाले.